हातात दिलेली कात्री

कात्री हातात द्यायची नसते. हातात दिली की भांडण होतं. खाली ठेवायची, मग समोरच्यानं उचलायची. देगलुरात हे शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय, पण नागाबाईच्या घरी ह्याचा कायदाच होता. का, तर ते घर निम्मं शेतावर अन् निम्मं कात्रीवर चालायचं. पुढल्या खोलीत शिलाईच्या दोन मशिनी. एक नागाबाईची, एक तिच्या लेकीची, गीतांजलीची. आणि दोघींत मिळून कात्री एकच.

पण काय कात्री होती राव! पितळेची मूठ, पोलादाची पाती. उचलली की मनगटाला कळायचं, काहीतरी उचललं म्हणून. कापडाचे पदरावर पदर टाका अन् चालवा, कर्रर करून एका रेषेत. नागाबाईनं शिलाई शिकली तवा घेतलेली, म्हणजे गीतांजलीच्या जन्माच्या आधीची. मुठीच्या कड्यात बोटं घालून घालून आतून ते कडं असं गुळगुळीत झालतं, जसं देवळातल्या नंदीचं शिंग. तिनं फक्त कापड कापायचं. कागद न्हाई, दोरी न्हाई, दुधाची पिशवी तर मुळीच न्हाई. गीतांजलीनं लहानपणी एकदा त्या कात्रीनं पतंगाचा कागद कापला, तर मायनं पतंगच फाडून टाकला होता.

तर झालं असं. गीतांजलीला बघायला जळकोटहून पाहुणे आले. पोराचं नाव अंगद, संगट त्याचे मामा, ग्यानोबा मामा. अंगद जळकोटला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करतो. गाय आडवी पाडायची, म्हशीची शिंगं धरायची, डॉक्टरनं हात पसरला की हातात हत्यार द्यायचं, असलं काम. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, हिच्यामुळंच सगळं घडलं.

गीतांजली पोहे घेऊन बाहेर आली ती गळ्यात टेप तसाच घेऊन. कुण्या नवरीचं ब्लाऊज अर्धं राहिलतं, पाहुणे दारात येईस्तोर ही मशीनवरच. माय डोळ्यानं खुणा करून राहिली, टेप काढ, टेप काढ. हिला वाटलं पदर सरकला. ही पदर सावरते, माय अजून डोळे वटारते.

अंगदनं ते बघितलं. म्हणला, "राहू द्या की मावशी. आमच्या डॉक्टरसाहेबांच्या गळ्यात बी असंच असतंय, नळी."

गीतांजलीनं पहिल्यांदा मान वर करून बघितलं. आजवर बघायला आलेल्या कुणी तिला डॉक्टरच्या जोडीला बसवलं नव्हतं.

मामांनी मात्र परीक्षा सुरू केली. "स्वयंपाक येतो का?"

"येतो."

"पुरणपोळी?"

"येते."

"मांडे?"

"मामा," अंगद हळूच म्हणला, "आपण हॉटेल काढून राहिलो का?"

गीतांजलीला एवढं हसू आलं की पोह्यांची बशी थरथरायला लागली. नागाबाई बी पदरात हसली. म्हणजे बघा, जमलंच होतं. निम्म्याहून जास्त जमलं होतं.

मग मामांना पाय वर घेऊन बसावं वाटलं. ते खुर्चीवरून उठून दिवाणावर बसायला निघाले, तर दिवाणावर कापडाचे तुकडे अन् त्याच्यात ती कात्री. मामा थेट कात्रीवरच बसणार होते! अंगदनं झडप घालून कात्री उचलली. उचलली ती कशी, तर पात्यांकडून धरली, मूठ पुढं केली अन् सवयीनं नागाबाईच्या पसरलेल्या हातात, जशी डॉक्टरच्या हातात देतात तशी...

"अगं बाई! हातात नका! खाली! खाली ठेवा!"

नागाबाई अशी वरडली जशी खोलीत नाग निघाला. अंगद दचकला. बिचाऱ्यानं कात्री सोडूनच दिली. ती आधी मशीनच्या लोखंडी पायावर पडली, मग शहाबादी फरशीवर. घंटी वाजावी तसा आवाज झाला. मुठीचं मोठं कडं फुटलं अन् पितळेचे तुकडे खोलीभर पांगले.

अंगद खाली बसून तुकडे वेचायला लागला. वेचतोय अन् कान लाल. मशीनवर तुकडे ठेवून म्हणला, "मावशी, मी भरून देतो."

"काय भरून देता?" नागाबाई एवढंच म्हणली.

मामा पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. चपला घालता घालता म्हणले, "लोखंड बोललं. आता आपण काय बोलायचं?"

सांजच्याला वडील शेतातून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले आणि म्हणले, "तुझी माय म्हणंल तसं." ते नेहमी असंच म्हणतात.

माय म्हणली, "न्हाई जमायचं. पहिल्या पावलालाच मोडतोड. पुढं काय काय मोडंल?"

"माय, वरडलीस तर तूच की," गीतांजली म्हणली.

हे बोलायचं नव्हतं. खरं होतं म्हणूनच बोलायचं नव्हतं. नागाबाईचा चेहरा असा झाला जसा दोरा तुटल्यावर मशीनचा होतो, फिरतंय पण शिवत न्हाई. ती उठली, कात्रीचे तुकडे दारामागं भंगाराच्या पोत्यात टाकले अन् म्हणली, "मोडकी कात्री घरात ठेवत नसतेत. भंगारवाला येईल तवा देऊन टाक. बदल्यात लसूण तरी येईल."

आता दुसरी कुणी असती तर रडली असती. न्हाई तर आत्याबाईला फोन लावला असता, मायला समजवा म्हणून. गीतांजली तसली न्हाई. ती रातभर पडून विचार करत बसली असंल नसंल, पण सकाळी तिच्या डोक्यात सगळं साफ होतं. मायचं सगळं म्हणणं कशावर उभं हाय? मोडलेल्या कात्रीवर. मग कात्रीच जोडली तर? मायचं म्हणणं उभं राहील कशावर? तिनं पोत्यातून तुकडे काढले, उशीच्या अभ्र्यात बांधले अन् कपाटात साड्यांखाली दडवले.

इकडं मायनं बाजारातून नवी कात्री आणली. केशरी प्लॅस्टिकच्या मुठीची, हलकी, खेळण्यातल्यासारखी. तिनं कापड कापायला गेलं की कापडच कात्रीच्या तोंडातून सरकायचं. मायच्या अंगठ्याला फोड आला. एका ब्लाऊजची पाठ तिरकी गेली, उसवून परत करावी लागली. माय तोंडातून अवाक्षर काढत नव्हती, पण ब्लाऊज अशी आपटत होती जसा त्यानंच गुन्हा केला.

गीतांजली आधी शिवशंकरच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. शिवशंकर शाळेतला तिच्या वर्गातला. तो गेट करतो, ट्रॉल्या करतो. त्यानं चष्मा वर करून कडं बघितलं अन् हात मागं घेतला.

"हे पितळ हाय गं. माझा रॉड लावला तर पाणी होऊन सांडंल. ट्रॉली आण, एका झटक्यात जोडतो. हे माझं काम न्हाई."

"मग कुणाचं?"

"मडिवाळप्पाचं. पण कानात बोळे घालून जा. बोलतो लई."

मडिवाळप्पाचं दुकान जुन्या बाजारात, भांड्यांच्या गल्लीच्या पार टोकाला. दुकान कसलं, एक ओटा, वर पत्रा, एक कोळशाची शेगडी, तिला हातानं फिरवायचा भाता. पण भिंत बघावी! भिंतीवर खिळ्याखिळ्याला मोडकं काहीतरी लटकलेलं. कुणाचा अडकित्ता, कुणाची सांडशी, गवंड्याची थापी, सुताराचं गिरमिट, सोनाराचा चिमटा. निम्मं दुरुस्तीला आलेलं अन् निम्मं दुरुस्त होऊन मालकाची वाट बघत बसलेलं. गीतांजलीला वाटलं, ही सगळी हत्यारं दवाखान्यात रांगेला बसलीत. मग तिला दवाखान्यावरून अंगद आठवला अन् ती उगीच पदर सावरत बसली.

मडिवाळप्पा मूळचा तिकडं कर्नाटकातला, जन्म गेला देगलुरात. कन्नड अन् मराठी एकाच श्वासात बोलायचा. तोंडात पान, कानावर पेन्सिल.

"बा तंगी, बा," तो म्हणला. म्हणजे, ये बहिणी, ये. "येन तंदी? काय आणलंस?"

तिनं अभ्रा उघडला. मडिवाळप्पानं पान थुंकलं. तुकडे तळहातावर घेतले, उन्हात धरले, एकेकाला अंगठ्यानं चोळलं.

"कुणाची?"

"मायची."

"माय उजव्या हातानं कापते अन् करंगळी बाहेर ठेवते."

गीतांजली बघतच राहिली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय न कळंल?" मडिवाळप्पा छाती पुढं काढून म्हणला. "कडं बघ, इथं झिजलंय, इथं न्हाई. देगलूरच्या निम्म्या संसाराला माझा झाळ, माझा सांधा हाय. मी मेलो की हे गाव गळायला लागंल. लिहून ठेव!"

बोलता बोलता तो एका पाटीवर तुकडे मांडत होता. गोल जमत आला, आणि मग थांबला. कड्याच्या आतल्या बाजूला, बरोबर जिथं बोट टेकतं तिथं, दातासारखी जागा रिकामी.

"हा कुठाय?"

"एवढेच होते, अप्पा."

"मग न्हाई जमत. नवा तुकडा घालीन, तुला कळणार बी न्हाई. पण तुझ्या मायच्या बोटाला कळंल. पहिल्या घावालाच म्हणंल, ही माझी न्हाई. मला बदनामी चालत न्हाई, तंगी. तुकडा आण, मग माझा हुन्नर बघ."

गीतांजलीनं सगळं घर उपसलं. मशीनखाली, दिवाणाखाली, चिंध्यांच्या गाठोड्यात हात घालून घालून.

"काय शोधून राहिलीस?" मायनं विचारलं.

"सुई."

"एवढ्या सुया असताना?"

"तीच पाहिजे."

सापडला न्हाई. मग तिनं डोळे मिटून तो दिवस आठवला. कात्री पडली. तुकडे पांगले. कुणी वेचले? अंगदनं. फरशीवर बसून, कान लाल करून, एका हातानं वेचत होता अन् दुसऱ्या मुठीत ठेवत होता. मशीनवर मूठ उघडली तवा...

पोराचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये होता, स्थळाची माहिती पाठवलेली त्याच्यात. पण सोयरीक मोडलेल्या पोराला पोरीनं फोन लावायचा? देगलुरात? गीतांजलीनं मशीन जोरात चालवत चालवत, म्हणजे आवाज मायला जाऊ नये म्हणून, पायानं मशीन अन् हातानं फोन लावला.

"हॅलो. मी गीतांजली बोलते. देगलूरहून. तुमच्यापाशी..."

"माझ्यापाशी हाय," अंगद पटकन म्हणला.

मागं कुठंतरी म्हैस हंबरली.

"उदगीरला गाडी बदलताना कळलं," तो म्हणला. "मूठ उघडायचीच राहिली बघा. अजून खिशात हाय. रोज बघतो. पाठवावा तर तुमच्या मायला वाटंल चिडवून राहिला. टाकून द्यावा तर हात होत न्हाई. काय करू सांगा?"

"घेऊन या."

"तुमच्या घरी?" त्याचा आवाज एवढासा झाला.

"घरी न्हाई. भांड्यांच्या गल्लीत या. बाजारच्या दिवशी."

बाजारच्या दिवशी गीतांजली मायला "अस्तर आणायला चालले" सांगून निघाली. अंगद आधीच येऊन मडिवाळप्पाच्या ओट्यासमोर उभा. रुमालाच्या चार घड्यांत तो तुकडा, हरभऱ्याएवढा. त्यानं रुमाल गीतांजलीपुढं धरला, मग एकदम दचकून ओट्यावर ठेवला. तिला हसू आलं.

"पितळ हातात दिलेलं चालतं," ती म्हणली. "कायदा कात्रीचा हाय."

"मी आता चमचा बी हातात देत न्हाई कुणाला."

मडिवाळप्पानं दोघांकडं बघितलं. एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं. मग मोठ्यानं म्हणला, "अच्छा! मोडणारा हा काय? छलो आयतु! झालं बरं! बस भात्यापाशी."

"मी?"

"माझ्या दुकानात भाता गिऱ्हाइकानं फिरवायचा. माझ्या बापापासनं कायदा हाय. वस्तू तुमची, श्वास तुमचा. मी फक्त शहाणपण घालतो."

आणि मग जे काम सुरू झालं, ते बघायला पाहिजे होतं. मडिवाळप्पाची बडबड चालूच, पण हात त्या बडबडीचे नव्हतेच. तोंड एका गावाला अन् हात दुसऱ्या गावाला. त्यानं पात्यांना ओली माती थापली, वरून भिजलेलं गोणपाट गुंडाळलं. पात्यांना आच लागली तर पोलादाचं पाणी, म्हणजे धारेचा कस उतरतो, मग कात्री कायमची बोथट. चिंचेच्या कोळानं तुकड्यांच्या कडा घासल्या, इतक्या की आतलं पितळ लाल-पिवळं दिसायला लागलं. बारीक तारेनं सगळं कडं जखडून बांधलं. मग म्हणला, "चांदी पाहिजे. एवढीशी."

"चांदी? पितळाला?"

"पितळाला पितळाचाच झाळ दिला तर आच जास्त लागते, कडंच पाघळंल. चांदी आधी पळते, म्हणजे वितळते. पितळ जागेवर राहतं अन् चांदी फटीत जाऊन बसते. काय, पटलं?"

गीतांजलीनं पायाकडं बघितलं. डाव्या पायातल्या पैंजणाचं एक घुंगरू आधीच सैल झालतं, पायऱ्या चढताना साडीत अडकायचं. तिनं खाली वाकून ते चिमटीत धरून पिरगाळलं. टचकन निघालं. मडिवाळप्पाच्या पुढं ठेवलं.

अंगद म्हणला, "मी आणली असती की."

"तुम्ही भाता फिरवा," ती म्हणली.

मडिवाळप्पानं घुंगरू ठोकून चपटं केलं, कात्रून त्याचे कण केले, त्याच्यात कसलातरी कीस मिसळला, टाकणखाराचा लेप फटीवर लावला. कडं शेगडीत गेलं. सांडशी गीतांजलीच्या हातात.

"हलवायचं न्हाई. शिंक आली तर गिळ. अन् तू रे, फिरव!"

अंगदनं भाता असा फिरवला की ठिणग्या पत्र्याला लागल्या.

"अरे, बैलगाडी पळवून राहिला का? हळू! गाय वितंय असं समज. घाई केली तर दोघं बी जातील."

हे त्याला बरोबर कळलं. त्याचा हात एकदम बदलला. एका चालीत, दमादमानं, आच वाढत गेली. कोळसे लाल, मग पिवळे. लेप आधी दह्यासारखा फुगला, मग काचेसारखा पसरला. चांदीचे कण तसेच बसलेले. गीतांजलीच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला, पण तिनं पापणी लवू दिली न्हाई. सांडशीच्या टोकाला मायची कात्री. एक श्वास जास्त झाला तर कडं पाण्यासारखं कोळशात सांडणार, मग ना कात्री, ना काही. तिनं एकदा अंगदकडं बघितलं. तो भात्याकडं बघतच नव्हता, कड्याकडं बघून फिरवत होता, जबडा आवळून. दुसऱ्यांदा मोडायची त्याला केवढी धास्ती होती!

आणि एकदम, "पळाली!" मडिवाळप्पा वरडला. "थांब! थांब!"

चांदी पळाली होती. कण एकदम थेंब झाले अन् थेंब एकदम रेघ. फटीत शिरून इकडून तिकडं अशी सरसर गेली जशी मुंगी वारुळात. भाता थांबला. मडिवाळप्पानं कडं उचलून वाळूत ठेवलं. तिघंही त्याच्याकडं बघत बसले.

थंड झाल्यावर त्यानं तार काढली, कानशीनं आतली बाजू घासली, बोट घालून घालून बघितली, परत घासली. पण बाहेरून पितळावर चांदीची नागमोडी रेघ दिसत होती, तिला हात लावला न्हाई.

"ही घासायची न्हाई?" गीतांजलीनं विचारलं.

"लपवायची कशाला? चोरी केली काय?" तो म्हणला. "मोडली होती. जोडली. दिसू दे. आण, कापड आण."

कुणाकडंच कापड नव्हतं. मडिवाळप्पानं ओट्यावरचा अंगदचा रुमाल उचलला अन् कर्रर करून मधोमध कापला.

"माझा रुमाल!"

"कात्री चालली का न्हाई ते बघ! रुमालाचं काय घेऊन बसला?" मग गीतांजलीला म्हणला, "जा. मायला दाखव. अन् कुणी जोडली ते सांग. नाव नीट सांग, मडिवाळप्पा. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंस तर झाळ सोडून देईल."

आता घरी जायचं होतं. अंगद म्हणला, "तुम्ही एकट्याच जा. मला बघून चिडतील."

"मोडली तवा होता ना? मग जोडली तवा बी पाहिजे."

तो मुकाट निघाला. कात्री त्याच्याच हातात होती, रुमालाच्या दोन तुकड्यांत गुंडाळलेली. गीतांजलीनं मुद्दाम त्याच्याकडं दिली होती. ओट्यावर ठेवून बरं का, हातात न्हाई.

नागाबाई मशीनवर. पुढ्यात निळं कापड, हातात ती केशरी कात्री, अंगठ्याला चिंधी बांधलेली. दारात लेक अन् लेकीच्या मागं जळकोटचा पाहुणा. तिनं पाय थांबवले.

"अस्तर कुठाय?" तिनं लेकीला विचारलं.

गीतांजलीनं अंगदकडं बघितलं. त्यानं रुमाल सोडला. नागाबाईनं पितळाची मूठ बघितली अन् तिचा हात आपसूक पुढं आला, जसा रोज यायचा. आणि अंगदनं, काय सांगावं, सवयच ती, पाती धरली, मूठ पुढं केली...

अन् मधेच थिजला. आठवलं. तो घाईघाईनं खाली वाकला, फरशीवर ठेवायला.

"थांबा," नागाबाई म्हणली.

तो तसाच, अर्धा वाकलेला.

"खाली ठेवा म्हणून एकदा बघितलं," नागाबाई म्हणली. "कात्री तुम्ही न्हाई मोडली, पाहुणे. मी वरडले म्हणून मोडली. तुम्ही तर नीटच देऊन राहिले होते." तिनं हात लांब केला, तळवा उघडा. "आणा. हातात द्या."

"मावशी, भांडण होतं म्हणतेत."

"द्या म्हणते ना!"

अंगदनं दिली. डॉक्टरच्या हातात देतो तशी, टप्पकन, मूठ बरोबर तळव्यात. नागाबाईनं कड्यात बोटं घातली. करंगळी बाहेर. बोट आतून फिरवलं. थांबली. परत फिरवलं. गीतांजली मायच्या बोटाकडं बघत राहिली. कळलं का बोटाला?

"इथं," नागाबाई म्हणली. मग तिनं कडं वर करून रेघ बघितली. मग लेकीच्या डाव्या पायाकडं बघितलं, जिथं एक घुंगरू कमी होतं. निळं कापड पुढं ओढलं अन् चालवली. कर्रर. एका रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. केशरी कात्री तिनं उचलली अन् स्वयंपाकघराकडं सरकवली. "दुधाच्या पिशव्याला झाली," म्हणली.

"मडिवाळप्पानं जोडली," गीतांजली पटकन म्हणली. "नाव सांगायला सांगितलंय."

"त्याच्याबिगर एवढं कोण जोडतंय? माझ्या मायचा अडकित्ता बी त्याच्याच बापानं झाळलेला." मग ती अंगदकडं वळली. "बसा. जेवून जा."

"न्हाई मावशी, उदगीरची गाडी हाय."

"गाडी गेली खड्ड्यात. बसा."

"मामा वाट बघतेत. सांगून न्हाई आलो."

"सांगून न आलेला माणूस उपाशी जातो होय? आमच्या घरून?"

"अहो, पण शेवटची गाडी..."

"शेवटची गाडी मला सांगू नका! मी देगलुरात जन्मले. तिच्यामागं अजून एक असते."

"तिनं उदगीरला उशीर होतो मावशी, मग पुढं जळकोटला गाडीच..."

"तर उदगीरला माझी बहीण राहते! तिच्याकडं झोपा!"

दोघंही आवाज चढवून राहिले होते. गीतांजली दाराला टेकून बघत होती, अन् एकदम खळखळून हसायला लागली. दोघं तिच्याकडं बघायला लागले.

"काय झालं गं हसायला?"

"हातात दिली ना माय. झालं की सुरू भांडण!"

नागाबाईनं हातातल्या कात्रीकडं बघितलं, पाहुण्याकडं बघितलं, अन् तिला बी राहवलं न्हाई. पदर तोंडाला लावला. अंगद मुकाट दिवाणावर बसला, आधी हात फिरवून बघितलं, खाली काही न्हाई ना म्हणून.

"तुमच्या मामाला फोन लावा," नागाबाई मशीनवर बसत म्हणली. "म्हणावं, पुढल्या ऐतवारी या. अन् ह्या वेळी बशी रिकामी पाहिजे म्हणावं. पोहे ठेवून उठले तर मांड्याचं नाव काढू देणार न्हाई." तिनं पायानं चाक फिरवलं. "गीतांजली, उभी काय राहिलीस? भाकरी टाक. आणि गळ्यातला टेप राहू दे तसाच."